नवजात पिल्लांची शेपूट आणि अंगठ्याचं नख: या चुका टाळा

डॉबरमन, रॉटवायलर, बॉक्सर किंवा कॉकर स्पॅनियल जातीची कुत्री व्याली की दोन-तीन दिवसांत एक प्रश्न हमखास येतो: शेपूट कधी कापायची? पहिली चूक इथेच होते. आधी 'का कापायची' हे विचारा. बहुतेक पिल्लांच्या बाबतीत त्याचं धड उत्तर मिळत नाही.

'पुढे शेपटीला इजा होऊ नये म्हणून' हे नेहमीचं कारण. ब्रिटनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शेपटीला इजा होण्याचं प्रमाण अवघं ०.२३ टक्के निघालं. एक इजा टाळायची तर सुमारे ५०० कुत्र्यांच्या शेपट्या कापाव्या लागतील, असा त्याचा हिशेब होता. झाडाझुडपांत शिकारीचं काम करणाऱ्या कुत्र्यांना धोका जास्त असतो, हे खरं. म्हणूनच इंग्लंड आणि वेल्समध्ये २००६ च्या कायद्याने बंदी घालताना कामाच्या कुत्र्यांपुरती सवलत ठेवली, तीही वयाच्या पाच दिवसांच्या आत आणि पशुवैद्याच्याच हातून. घरात वाढणाऱ्या पिल्लाला यातलं काहीच लागू होत नाही. शेपटीत मणके असतात, स्नायू असतात, नसा असतात. तोल सांभाळायला आणि दुसऱ्या कुत्र्याला मनातलं कळवायला कुत्रा ती आयुष्यभर वापरतो. केवळ रुबाबासाठी ती कापू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

'इतक्या लहान पिल्लाला दुखत नाही' हा समज

ही सगळ्यात घातक चूक. डोळे-कान बंद असले तरी वेदना वाहून नेणाऱ्या नसा जन्मापासून काम करत असतात. उलट मेंदूकडून वेदना दाबणारी यंत्रणा त्या वयात पुरती तयार झालेली नसते, त्यामुळे दुखणं कमी नव्हे तर जास्तही असू शकतं. कापताना पिल्लू किंचाळतं आणि आईजवळ ठेवलं की झोपी जातं, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण पहिल्या आठवड्यात पिल्लू दिवसाचा बहुतेक वेळ झोपूनच काढतं. त्या झोपेवरून वेदना नाही असा अर्थ काढू नका. कापलेल्या जागी नसांची गाठ तयार होऊन पुढे कायमची दुखरी जागा राहू शकते.

रबर बँड, ब्लेड, कात्री

शेपटीला घट्ट रबर बांधून ती 'आपोआप गळू देणं' अनेकांना सौम्य वाटतं. प्रत्यक्षात रक्तपुरवठा तुटतो आणि तो भाग जिवंत शरीराला चिकटलेल्या अवस्थेत काही दिवस सडत राहतो. जंतूंना आणखी काय हवं? घरी ब्लेड चालवणंही तितकंच वाईट. त्यात डॉबरमनमध्ये रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक विकार, व्हॉन विलेब्रँड, बराच आढळतो. तो आहे हे कित्येकदा शेपूट कापल्यावर रक्त थांबेना तेव्हाच कळतं. पिल्लं होण्याआधी आईबापांची चाचणी करणं हा खरा उपाय.

पुढच्या आणि मागच्या पायांचं नख एकाच मापाने मोजणं

पायाच्या आतल्या बाजूला, पंजाच्या जरा वर अंगठ्यासारखं जे नख असतं त्याला ड्यू क्लॉ म्हणतात. पुढच्या पायाचं बोटांनी हळूच धरून बघा: आत हाड लागतं, सांधा लागतो. ते स्नायुबंधांनी पायाशी जोडलेलं असतं. कुत्रा वेगात वळतो तेव्हा हा अंगठा जमिनीला टेकून मनगटाला आधार देतो. हाड चघळताना कुत्रा त्याने ते धरूनही ठेवतो. तो निरुपयोगी समजून काढू नका.

मागच्या पायाचं नख पुष्कळदा नुसत्या कातडीला लोंबकळत असतं आणि अडकून फाटू शकतं. ते काढायचा विचार करायला हरकत नाही, पण घाई नको. पुढे नसबंदीच्या वेळी पूर्ण भूल देऊन ते व्यवस्थित काढता येतं. घरी कात्रीने वरवर कापलं तर मूळ आत राहतं आणि वेडंवाकडं नख पुन्हा उगवतं. ग्रेट पायरेनीज, ब्रियार, बोसरॉन या जातींत तर मागच्या पायांना दुहेरी नखं असणं जातीचं लक्षणच मानतात.

आधीच कापलं असेल तर

रक्त येत असेल तर स्वच्छ गॉज पाच मिनिटं न उचलता दाबून धरा. दर मिनिटाला उचलून बघितलं तर धरलेली गुठळी सुटते. तरीही थांबलं नाही तर लगेच पशुवैद्याकडे निघा. इवल्याशा पिल्लाच्या अंगात रक्तच किती असतं!

नेताना ऊब जपा. पहिल्या आठवड्यात पिल्लाला कुडकुडून स्वतःला गरम करता येत नाही. त्याच्याभोवती २९ ते ३२ अंश सेल्सिअस तापमान लागतं. अंग गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नका, ते पचत नाही. आधी हळूहळू ऊब द्या, मग दूध.

आई जखम चाटून टाके उसवते, म्हणून तिच्यावर लक्ष असू द्या. मात्र तिला तासन्‌तास दूर ठेवू नका. जखमेवर फिनाइल, डेटॉल किंवा कुठलाही लेप नको. रोज वजन करा. वजन वाढेना, पिल्लू आचळ धरेना, सारखं रडत राहिलं, जखम सुजली किंवा तिला वास येऊ लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

नख ठेवलं, पण विसरलं

हे नख जमिनीवर फारसं घासत नाही, त्यामुळे झिजत नाही. दाट केसांच्या कुत्र्यात तर ते दिसतही नाही, आणि गोल वळून मांसात शिरतं. साधारण दोन-तीन आठवड्यांनी केस बाजूला करून बघा आणि टोक कापा. नख काळं असेल तर आतली रक्तवाहिनी दिसत नाही. अशा वेळी पातळ-पातळ चकत्या काढत जा आणि कापलेल्या भागाच्या मध्यभागी गडद ठिपका दिसला की थांबा.