एफेससला खासगी गाईड घेताना

एफेसस म्हणजे तुर्कस्तानातल्या एका प्राचीन शहराचे अवशेष. या देशात गाईडला सरकारी परवाना लागतो, तेव्हा ओळखपत्र आधी बघा. दर माणशी की गटाचा, गाडी धरून की वेगळी, तिकिटं कोण काढणार, हे लेखी ठरवा. नाहीतर घासाघीस दारात होते.

सुरुवात वरच्या दाराने करा. वाट खाली उतरत जाते. उलटं गेलात तर उन्हात चढण. गाडी खालच्या दारापाशी आणायला सांगून ठेवा. संगमरवरी रस्ता पायांनी घासून गुळगुळीत झालाय, त्यामुळे चपला नकोत. सावली फारशी नाही, पाणी जवळ ठेवा. कुशादासी बंदरात क्रूझ लागली असेल त्या सकाळी गर्दी उसळते. गाईडला वेळापत्रक ठाऊक असतं.

'टेरेस हाउसेस'चं तिकीट वेगळं, म्हणून बरेच गट ती गाळतात. गाळू नका. छपराखालची ही रोमन घरं, भित्तिचित्रं, मोझेक... गाईडचे पैसे खरे इथेच वसूल होतात, शिवाय दुपारचं ऊन टळतं. सेल्सस ग्रंथालयाचा दर्शनी भाग १९७० च्या दशकात पुन्हा उभारलेला आहे. जुना दगड कुठला, नवा कुठला, विचाराच. आर्टेमिस या ग्रीक देवीचे प्रसिद्ध पुतळे मात्र इथे नाहीत, जवळच्या सेल्चुक गावच्या संग्रहालयात आहेत. बाहेर 'प्राचीन' नाणी विकणाऱ्यांकडे वळू नका: खोटी निघाली तर पैसे गेले, खरी निघाली तर देशाबाहेर नेणं गुन्हा.