संख्यामालिका सोडवताना मूळसंख्या, वर्ग, घन शोधताय? या चुका टाळा

४१, ४३, ४७, ५३, ?

मूळसंख्या ओळखता येत असतील तर ५९ हे उत्तर लगेच सुचतं, आणि ते बरोबरही आहे. आता शेजारच्या पदांमधले फरक काढा: २, ४, ६. पुढचा फरक ८ धरला तर ६१ येतं, आणि तीसुद्धा मूळसंख्याच! ही दुसरी मालिका न² − न + ४१ या सूत्रात न = १, २, ३... घालत गेलं की निघते. १७७२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने मांडलेल्या या सूत्राची पहिली चाळीस पदं मूळसंख्या आहेत. एक्केचाळिसावं पद १६८१, म्हणजे ४१ × ४१, तिथे साखळी तुटते.

सगळी पदं मूळसंख्या दिसली म्हणून नियम सापडला असं होत नाही. त्या सलग आहेत का, मधली एखादी गळली आहे का, हे बघावंच लागतं. ५३ नंतर ६१ दिलेलं असेल तर ५९ वगळली गेली आहे, म्हणजे नियम फरकात आहे. आणि चारच पदं देऊन पर्यायांत ५९ व ६१ दोन्ही ठेवले असतील, तर माझ्या मते प्रश्नच सदोष आहे.

मूळसंख्यांच्या यादीतही गडबड होते. १ ही मूळसंख्या नाही. तिला एकच विभाजक आहे, मूळसंख्येला नेमके दोन लागतात. ५१, ५७, ८७ यांच्या अंकांची बेरीज केली की ३ चा भाग जातो हे कळतं. खरा दगा देतात त्या ९१, ११९ आणि १३३, कारण २, ३, ५ च्या कसोट्यांतून त्या सुटतात आणि ७ ने भागायचा कंटाळा केला जातो. वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळसंख्यांनी भागून बघा. १४३ साठी ११ पर्यंत जावं लागतं, आणि तिथेच ती सापडते: ११ × १३.

दुसरी मोठी चूक म्हणजे विशेष संख्या जशीच्या तशी दिसेल ही अपेक्षा. ०, ७, २६, ६३, १२४ यांत एकही घन दिसत नाही असं वाटतं (० सोडून), पण प्रत्येकात १ मिळवा: १, ८, २७, ६४, १२५. पुढचं पद २१५. तसंच ४, ९, २५, ४९ पाहून ‘वर्ग आहेत’ एवढ्यावर थांबलात तर १६ आणि ३६ कुठे गेले हे सांगता येणार नाही. हे मूळसंख्यांचे वर्ग आहेत, म्हणून पुढे १२१. १, ४, १०, २०, ३५ मध्ये फरक ३, ६, १०, १५ येतात, म्हणजे त्रिकोणी संख्या (१ पासूनच्या सलग संख्यांच्या बेरजा: १ + २ = ३, १ + २ + ३ = ६). पुढचा फरक २१, उत्तर ५६.

दुप्पट दिसली की घाई करू नका. वर्तुळावर बिंदू घेऊन ते सगळे एकमेकांना जोडले, आणि आत तीन रेषा एकाच ठिकाणी छेदू दिल्या नाहीत, तर वर्तुळाचे भाग १, २, ४, ८, १६ असे वाढतात. सहाव्या बिंदूला मात्र ३२ नाही, ३१ भाग होतात.

फरक वेडेवाकडे, कधी अधिक कधी उणे येत असतील तर एक आड एक पदं वेगळी लिहा. ४, २, ९, ३, १६, ५, २५, ७, ३६, ? मध्ये वर्ग आणि मूळसंख्या आलटूनपालटून आहेत. उत्तर ११.