स्पोर्ट बाईक घरीच कशी सांभाळायची, साताऱ्याच्या रोडसाठी

आर १५ घ्या, आरसी घ्या नायतर आरआर ३१०, गाडी कुठलीपण असूदे, आपल्याकडं सगळ्यात आधी बोंबलते ती चेन. पावसाळ्यात कास नायतर ठोसेघर करून आलं की लाल चिखल चेनमध्ये जाऊन बसतो, आणि कराडकडं ऊसतोड चालू असली की ट्रॅक्टरनं शेतातनं आणलेली माती अख्ख्या रोडवर. त्यावरच ल्यूब मारलं तर माती न ल्यूब मिळून पॉलिश पेपर तयार होतो आणि स्प्रॉकेटचे दात खातो, म्हणून आधी साफ करा मगच ल्यूब.

या गाड्यांना डबल स्टँड नसतोच, त्यामुळं मागचं चाक वर उचलून धरणारा पॅडॉक स्टँड घ्याच. चेन ओ-रिंगवाली, म्हणजे कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेली, असेल तर पेट्रोल न तारेचा ब्रश दोन्ही नको, रबर जातं. रॉकेल मिळालं तर बरं, नायतर चेन क्लीनर, मऊ ब्रश आणि जुना बनियन. चाक हातानंच फिरवायचं. इंजिन चालू ठेवून गियरमध्ये चाक फिरवत चेन पुसणारे महाभाग आहेत, बोटं जातात राव अशानं. ल्यूब आतल्या बाजूनं मारा आणि रात्रभर तसंच सोडा, लगेच गाडी काढली तर सगळं रिमवर उडतं. साधारण ५०० किलोमीटरला एकदा, आणि पावसात भिजली की लगेच.

ढील बघायची ती खालच्या पट्ट्याच्या मध्यावर बोटानं वर-खाली करून. किती मिलिमीटर पाहिजे ते स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर नायतर मॅन्युअलमध्ये असतं. एकाच जागी बघून थांबू नका, चाक थोडं थोडं फिरवून तीन-चार जागी बघा, कारण चेन सगळीकडं सारखी ताणली जात नाही, आणि जिथं सगळ्यात टाईट लागते तिथलं माप धरून ॲडजस्ट करा. स्विंगआर्मच्या दोन्ही बाजूच्या खुणा सेम पाहिजेत, नायतर चाक तिरकं बसतं. लय टाईट पण नको, बेअरिंग बसतं.

ऑइलचं एवढंच, डब्यावर जॅसो एमए२ (JASO MA2, बाईकच्या ऑइलचा ग्रेड) बघून घ्या. कारचं ऑइल स्वस्त पडतं म्हणून टाकू नका, ह्यांचा क्लच ऑइलमध्येच असतो, मग तो स्लिप होतो, आरपीएम चढतो न गाडी जागची हलत नाही.

खंबाटकीत ट्रॅफिकला अडकल्यावर टेम्परेचर वाढलं न फॅन चालू झाला तर घाबरू नका, त्याचं कामच ते. फॅन फिरतच नसेल किंवा वॉर्निंग लाईट आली तर मात्र बाजूला घेऊन बंद करा. गरम असताना रेडिएटरची कॅप उघडायची नाही म्हणजे नाही, उकळतं कूलंट तोंडावर येतं. गार झाल्यावर रिझर्व्ह टाकीतली लेव्हल बघा, कमी असेल तर कूलंटच टाका, बोअरचं पाणी टाकाल तर आत क्षार धरतो. आणि वॉशिंग सेंटरवाल्याला आधीच सांगून ठेवा, रेडिएटरवर जवळनं प्रेशर मारायचं नाही, पत्र्या वाकतात न मग हवा जात नाही.

यवतेश्वरचा घाट उतरताना नुसता ब्रेक दाबून ठेवू नका, खालच्या गियरमध्ये सोडा. लिव्हर स्पंजी लागत असेल तर ब्रेकच्या लाईनमध्ये हवा शिरलेली असते, ती काढून घ्या, आणि ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, ते हवेतली ओल ओढतं.

आता गाडी चालूच होत नसेल तर मेकॅनिकला फोन लावायच्या आधी किल स्विच, म्हणजे हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण, बघा. हसू नका, बऱ्याचदा तेच निघतं. मग न्यूट्रल, साईड स्टँड. चावी ऑन केल्यावर टाकीखालनं फ्यूल पंपाचा दोनेक सेकंद बारीक आवाज आला पाहिजे, नाय आला तर फ्यूज बघा. स्टार्टर दाबल्यावर नुसतं टकटक होत असेल तर बॅटरी, गाडी बंद असताना मल्टीमीटरवर १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर चार्जिंगला लावा, चालू असताना १३.५ ते १४.५ दाखवत नसेल तर चार्जिंगच होत नाय. धक्का स्टार्टचं फ्यूल इंजेक्शनच्या गाडीला फार खरं नसतं, बॅटरी पूर्ण मेली असेल तर पंपच चालत नाही. आणि गाडी आडवी पडून बंद झाली असेल तर सेन्सरनं कट केलेली असते, सरळ उभी करा, पेट्रोल कुठं गळतंय का बघा, चावी ऑफ करून परत ऑन करा, मग स्टार्टर मारा.