ग्राउंड इफेक्ट शिकायचाय? सुरुवात पंखाच्या टोकापासून करा

ठाणे-ऐरोली भागातली, इंजिनिअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातली मुलं पाण्यालगत उडणाऱ्या यानांबद्दल विचारायला येतात, तेव्हा मला मनापासून आनंद होतो. ग्राउंड इफेक्ट म्हणजे जमिनीच्या किंवा पाण्याच्या अगदी जवळून उडताना पंखाला मिळणारा फायदा. त्याबद्दल ‘पंखाखाली हवेची गादी तयार होते’ एवढं बहुतेकांनी वाचलेलं असतं. अगदी खाली, पाण्याला टेकल्यासारखं उडताना ते खरंही आहे. पण अभ्यासाची सुरुवात तिथून करू नका.

पंखाखालची जास्त दाबाची हवा टोकाला वळसा घालून वर येते आणि भोवरे तयार होतात. त्यामुळे पंखावरची हवा खाली वळते, उचल (यानाला वर धरणारं बल) किंचित मागे कलते. हा मागे खेचणारा भाग म्हणजे इंड्यूस्ड ड्रॅग. पृष्ठभाग जवळ आला की भोवऱ्यांना पसरायला वाव राहत नाही आणि हा ड्रॅग घटतो. पंखविस्ताराएवढ्या उंचीवर घट जेमतेम दीड टक्का, पंखविस्ताराच्या पाव उंचीवर सुमारे २४ टक्के, एक दशांश उंचीवर जवळजवळ निम्मी. म्हणजे फायदा नुसत्या उंचीवर नाही, उंची आणि पंखविस्तार यांच्या गुणोत्तरावर ठरतो. सोव्हिएत अभियंते रोस्तिस्लाव अलेक्सेयेव यांचं १९६६ सालचं पाण्यालगत उडणारं यान ‘केएम’ ९२ मीटर लांब का होतं, याचं एक उत्तर इथेच आहे. लाटांच्या वरून जायचं आणि गुणोत्तरही लहान ठेवायचं, तर यानच मोठं हवं.

खरी कठीण गोष्ट स्थैर्याची. पृष्ठभागाजवळ उचलीचा केंद्रबिंदू मागे सरकतो. यान वर गेलं की तो पुढे येतो, नाक उचललं जातं आणि यान आणखी वर जातं. म्हणून ‘केएम’चं शेपूट एवढं मोठं आणि उंच, ग्राउंड इफेक्टच्या बाहेर राहील असं. जर्मन विमानरचनाकार अलेक्झांडर लिपिश यांनी ‘एक्स-११२’ या छोट्या प्रायोगिक यानामध्ये उलटा त्रिकोणी पंख वापरून वेगळी वाट काढली. मला ती जास्त सुंदर वाटते.

हे हाताने करून बघा. सोसायटीचा रिकामा हॉल, गुळगुळीत फरशी आणि फोमशीट पुरते. पंख अगदी सारखेच ठेवून दोन ग्लायडर करा, एकाचं शेपूट खाली, दुसऱ्याचं उंच. रबराने फरशीलगत सोडा, बाजूने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपा. नाकावर वजनासाठी लावलेली माती थोडी थोडी कमी करत गेलात की नाक कधी उसळतं ते दिसेल. मोटर मात्र घाईने लावू नका. बाहेर उडवायचं झालं तर आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-पोर्टलवर उड्डाणाला कुठे परवानगी आहे त्याचा नकाशा पाहा. नवी मुंबईत आता विमानतळही आहे.

पाण्यावरून उड्डाण करणाऱ्या उभयचर यानाचा विचार करताना पाण्याला कमी लेखू नका. उड्डाणाआधी पाण्याचा अवरोध एका वेगाला शिखर गाठतो आणि इंजिनाची कसोटी तिथे लागते. तळाला पायरी देतात ती पाण्याची ओढ तोडण्यासाठी. सोव्हिएत रचनाकार रॉबर्ट बार्तिनी यांचं ‘व्हीव्हीए-१४’ हे उभयचर यान १९७२ मध्ये उडालं, पण उभ्या उड्डाणासाठीची बारा इंजिनं कधी मिळालीच नाहीत. कल्पना कितीही मोठी असो, इंजिनाचा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

करिअर म्हणून बघत असाल तर एरोस्पेससोबत जहाजबांधणीचा एखादा विषय नक्की घ्या. फक्त ग्राउंड इफेक्टमध्येच चालणाऱ्या यानांना आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं लागू होतात, आणि तिथे हलची, म्हणजे यानाच्या पाण्यात बसणाऱ्या तळाची, गणितं येणाराच उपयोगी पडतो.