मिरचीचं पान मुरडलं की लगेच पंप उचलू नका: घरच्या बागेतल्या या चुका टाळा

गच्चीवर चार कुंड्या लावल्या की महिन्याभरात प्रश्न येतोच: "मिरचीला चुरडा-मुरडा आलाय, काय मारू?" काय झालंय हे कुणी विचारत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठंही जा, लोकांना औषधाचं नाव पाहिजे असतं आणि तेही आजच्या आज. सेंद्रिय बागकामात सगळ्यात जास्त नुकसान या घाईनं होतं, किडीनं नव्हे.

मिरची संकेश्वरी असो की लवंगी, पान मुरडण्यामागं वेगवेगळी कारणं असतात. फुलकिडे असतील तर पानाच्या कडा वर वळतात. कोळी (पानाचा रस शोषणारे अगदी सूक्ष्म जीव) असतील तर कडा खाली वळतात, पान अरुंद होतं आणि देठ लांबतो. तिसरं कारण विषाणूचं. तो पांढऱ्या माशीमुळं पसरतो. त्यात पानं बारीक राहतात, शिरा जाड होतात आणि झाडाची वाढच खुंटते. तिन्हींना एकच फवारा मारून काय उपयोग?

मी आधी पांढरा कागद घेते. मिरचीच्या शेंड्याखाली धरते आणि शेंडा दोन-तीनदा झटकते. कागदावर पिवळसर, अगदी बारीक, लांबट कण पडतात. क्षणभर थांबलं की ते कण चालायला लागतात. ते फुलकिडे. कोळी नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, त्यासाठी दहापट मोठं दाखवणारं भिंग लागतं. बाग करायची असेल तर पंपाच्या आधी भिंग घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

फुलकिड्यांना निळे चिकट सापळे लावा आणि नीमतेल फवारा. कोळ्यांना पाण्यात मिसळणारं गंधक चालतं, लिटरला 2 ते 3 ग्रॅम, पण कडक उन्हात मारायचं नाही. नीमतेल मारून दोन आठवडे झाले नसतील तर गंधकाला हात लावू नका, पानं करपतात. आणि विषाणू असेल तर झाड उपटा. याला औषध नाही. उपटायला जीव होत नाही हे मला कळतं, पण ते एक झाड राखायच्या नादात शेजारच्या कुंड्याही जातात.

आता तंबाखूच्या काढ्याबद्दल. निपाणी-चिकोडी हा बिडीच्या तंबाखूचा पट्टा, त्यामुळं आमच्याकडं चुरा आणि काड्या सहज मिळतात. कुणीतरी सांगतं, रात्रभर भिजत घाला, गाळून मारा, मावा (कोवळ्या शेंड्यावर बसून रस शोषणारे बारीक किडे) साफ. आमच्या गल्लीतल्या एका अण्णांनी हेच केलं. वाटाण्यावर मावा आला होता. मी सांगायला गेले तर म्हणाले, "नैसर्गिकच हाय की ओ वैनी, पानाचा तर काढा. कारखान्यातलं काय मारूलोय मी?" बादलीत उघडा हात घालून त्यांनी तो चुरा पिळला आणि तसाच फवारला. तासाभरात मळमळ, घाम, डोकं गरगरायला लागलं. मुलानं गाडीवर घालून दवाखान्यात नेलं. निकोटिन कातडीतून अंगात जातं, ओल्या तंबाखूतून तर फार लवकर. निकोटिन सल्फेट हे कीटकनाशक आपल्या देशात वापरायला बंदी आहे, आणि बादलीतल्या काढ्यात निकोटिन किती उतरलंय हे कुणालाच सांगता येत नाही.

अण्णा संध्याकाळपर्यंत सावरले. पण त्यांच्या वाटाण्यावर मी आदल्या दिवशी काळ्या, अंगावर नारिंगी ठिपके असलेल्या, इवल्या मगरीसारख्या अळ्या पाहिल्या होत्या. त्या ढालकिड्याच्या, म्हणजे लेडीबर्डच्या. एकेक अळी दिवसाला कितीतरी मावा खाते. काढ्यानं माव्याबरोबर त्याही मेल्या. पुढं मावा परत आला तेव्हा त्याला खाणारं वेलावर कुणीच उरलं नव्हतं. शिवाय तंबाखूतून मोझॅकचा विषाणू टोमॅटो-मिरचीवर जाऊ शकतो. विडी-तंबाखू हाताळून रोपांना हात लावायचा तर आधी साबणानं हात धुवा. तंबाखूचा काढा घरच्या बागेत नकोच, थोडासुद्धा नको.

माव्याला मी काय करते? कोवळा शेंडा दोन बोटांत धरून पुसून काढते, नाहीतर पाण्याची जोरदार धार मारते. लागोपाठ तीन-चार दिवस. कंटाळवाणं आहे, पण ढालकिडा वाचतो. माव्यावर मुंग्यांची रांग दिसली तर आधी मुंग्यांचा बंदोबस्त करा. माव्याच्या गोड चिकट्यासाठी त्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात.

नीमतेलाच्या चुका थोडक्यात. थंडीत बेळगावात बाटलीतलं तेल घट्ट होतं. बाटली कोमट पाण्यात ठेवा, विस्तवावर नको. लिटरला 5 मिली पुरे, दुप्पट मारल्यानं किडी दुप्पट मरत नाहीत, पानं मात्र जळतात. आधी तेलात साबण घोळा, मग पाणी. वर तवंग दिसला तर ते फवारू नका. कपड्यांची पावडर अजिबात वापरू नका, रिठ्याचं पाणी किंवा साधा मऊ साबण घ्या. फवारणी उन्हं उतरल्यावर, पानाच्या खालच्या बाजूनं. आणि दुसऱ्या दिवशी "किडे जिवंतच आहेत" म्हणून ओरडू नका. नीम किडीची भूक आणि कात टाकणं बिघडवतो, परिणाम दिसायला आठवडा जातो.

जून ते सप्टेंबर आमच्याकडं, खानापूरच्या बाजूला तर जास्तच, पाऊस धरून बसतो. त्या दिवसांत फवारे धुऊन जातात, म्हणून फवारणी सोडा आणि कुंड्यांची भोकं मोकळी ठेवा. गोगलगाई रात्री टॉर्च घेऊन वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. मीठ कुंडीत मात्र टाकू नका.

शेवटी शेणखत. ताजं शेण "ताकदीचं" म्हणून कुंडीत घालणारे दरवर्षी हुमणी, म्हणजे मुळं खाणारी भुंगेऱ्याची अळी, वाढवतात. वळवाचा पाऊस झाला की तिन्हीसांजेला भुंगेरे बाहेर पडतात, कडूलिंब-बाभळीवर गोळा होतात आणि मातीत अंडी घालतात. अर्धवट कुजलेलं खत म्हणजे त्यांच्या अळ्यांना आयती सोय. मग भर पावसात रोप अचानक सुकतं, आणि लोक पाणी कमी पडलं समजून आणखी पाणी ओततात. रोप हळूच ओढून बघा. सहज वर आलं आणि मुळं कुरतडलेली असली तर कुंडी कागदावर उपडी करा. पांढरी, जाड, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी सापडेल. हातानं वेचा, कोंबड्या असतील तर त्यांना घाला. खत काळं, भुसभुशीत झालं आणि शेणाचा वास पूर्ण गेला की मगच वापरा. उन्हाळ्यात आणलेलं असेल तर आधी उन्हात पसरून, चाळून घ्या.