पोरांना जर्मनीला न्यायची ऑर्डर निघाली, तर

ऑर्डर साधारण ऑक्टोबरात निघते. ‘मे महिन्यातील अभ्यासदौऱ्यासाठी समन्वयक म्हणून आपली नियुक्ती करण्यात येत आहे’ एवढं एकच वाक्य आणि खाली प्राचार्यांची सही. स्टाफरूममध्ये लगेच सुरू होतं, ‘मज्जा आहे बाई, फुकटात युरोप!’ हसून सोडून द्यायचं आणि नवी फाईल उघडायची. मी कोल्हापूरजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या ऑफिसात आहे. मेकॅनिकलची पोरं घेऊन चार वेळा श्टुटगार्टला जाऊन आले. चारही खेपा मिळून मर्सिडीजचं म्युझियम अजून पूर्ण बघून झालेलं नाही, कारण दर वेळी कुणीतरी स्वच्छतागृहात असतं आणि मी बाहेर सॅका सांभाळत उभी असते.

आधी पासपोर्ट, आणि त्यातही नावं. आपल्या दहावीच्या मार्कलिस्टवर आडनाव पुढे असतं, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टात आडनावाचा रकाना वेगळा. काहींनी तो कोराच सोडलेला असतो आणि तिन्ही नावं दुसऱ्या रकान्यात कोंबलेली असतात. म्हणून मुलांनी व्हॉट्सअॅपवर टाकलेली नावं एजंटाला कधीही पाठवू नका. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खाली ज्या दोन लांबलचक ओळी असतात, त्यांवरून यादी स्वतः टाइप करा. मग एकेकाला समोर बसवून अक्षर न् अक्षर वाचून घ्या आणि सही घ्या. दुसऱ्या खेपेला एका श्वेताच्या तिकिटावर एक ‘एच’ गळाला होता. त्या एका अक्षराचे पैसे मी खिशातून भरले, कारण चूक माझी होती.

त्याच बैठकीत मुदत तपासा. शेंगेन देशांतून (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतात ते जर्मनीसकट युरोपातले देश) बाहेर पडण्याच्या तारखेनंतर पासपोर्ट किमान 3 महिने चालू हवा, गेल्या 10 वर्षांत काढलेला हवा आणि त्यात 2 पानं कोरी हवीत. लहानपणी आजोळी दुबईला जाऊन आलेली मुलं ‘माझ्याकडे आहे मॅडम’ म्हणतात, पण लहान मुलांचा पासपोर्ट साधारण 5 वर्षांचाच असतो.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो. नियमात शेवटची मर्यादा 15 दिवसांची आहे, तुम्ही मात्र ती अडीच महिन्यांची धरा. बोटांचे ठसे द्यायला पुण्याला जावं लागतं आणि बावीस जणांच्या तारखा एका दिवशी मिळत नाहीत. वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. तो परतीच्या तारखेनंतर आठवडाभर पुढेपर्यंत काढा. का, ते खाली सांगते. खरी अडचण पालकांच्या कागदांची असते. आमच्याकडची निम्मी पोरं शेतकऱ्यांची, बापाचं इन्कम टॅक्स रिटर्न नसतंच. आम्ही सातबारा, साखर कारखान्याची ऊसबिलं आणि बँकेचं स्टेटमेंट जोडतो, सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर करून, आणि सोबत कॉलेजचं पत्र देतो. ते पत्र प्राचार्यांच्या नावाने असलं तरी लिहायचं तुम्हालाच आहे. आदल्या वर्षीचं कॉपी करून तारीख तीच ठेवू नका. (झालेलं आहे.)

कार्यक्रम आखताना तिथलं कॅलेंडर समोर ठेवा. पहिल्या वर्षी मी गुरुवारी एका कारखान्याची भेट ठरवली. तो निघाला येशूच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार, म्हणजे जर्मनीभर सुट्टी, आणि शुक्रवारी जोडून रजा. दोन दिवस बावीस पोरं हॉस्टेलात पत्ते खेळत बसली. मे-जूनमध्ये अशा सुट्ट्या ओळीने येतात आणि त्यांच्या तारखा ईस्टरप्रमाणे दर वर्षी हलतात. रविवारी दुकानं बंदच असतात, तेव्हा दूध, ब्रेड, फळं शनिवारीच घेऊन ठेवायची.

पैशाबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण माणसं इथेच बदनाम होतात. मुलांकडून एक रुपयाही स्वतःच्या खात्यावर किंवा गुगल पेवर घेऊ नका. सगळं कॉलेजच्या खात्यात, पावतीसह. कुणी ऐनवेळी गळालं तर किती परत मिळेल, हे पहिला हप्ता घ्यायच्या आधी लिहून द्या. ट्रॅव्हल एजंट कधीकधी सांगतो, ‘मॅडम, एवढ्या तिकिटांमागे एक फ्री देतो, मिस्टरांना घेऊन चला.’ ते तिकीट मुलांच्या पैशातूनच निघालेलं असतं. ते हिशेबात दाखवा आणि बावीस जणांत वाटा. मला हे पहिल्या वर्षी कळलं नव्हतं असं नाही, पण नाही म्हणायला जीभ जड झाली होती.

पालकसभेला दोन्ही पालकांना बोलवा आणि नियम मराठीत वाचून दाखवा. तिथे बिअर सोळाव्या वर्षापासून मिळते, आपल्याकडे महाराष्ट्रात बिअरला 21 आणि दारूला 25. पोरांना हा फरक विमानात बसायच्या आधीच पाठ असतो. आमचा नियम दौरा संपेपर्यंत अजिबात नाही असा आहे. तुमचा वेगळा असू शकेल, पण तो लेखी असू द्या आणि मोडला तर काय होणार तेही त्यातच लिहा. आया दुसऱ्याच गोष्टीवरून भांडतात. बाहेरच्या देशांतून येणाऱ्यांना युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवापोळी, सुकं मटण घरीच. चटणी, भडंग, शेंगदाण्याचे लाडू न्या, पण लाडू तुपात वळलेले नकोत. औषधं मूळ पाकिटात हवीत आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवी, औषधाचं रासायनिक नाव लिहिलेली.

सोबतच्या माणसांत एक बाई हवीच. बावीस मुलगे असले तरी दोन माणसं लागतात, मुली असतील तर त्यातली एक बाईच. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) लैंगिक छळाविरुद्धच्या 2015च्या नियमांनुसार अभ्यासदौऱ्यावरची जागाही ‘कॅम्पस’मध्येच धरली जाते. म्हणजे तिथे काही वावगं घडलं तर कॉलेजच्या तक्रार समितीकडे जाता येतं. समितीचा नंबर प्रत्येक मुलीच्या फोनमध्ये घालून घ्या. आणि ‘आपल्या सरांबद्दल’ काही ऐकायला आलं तर ते दौरा संपेपर्यंत दाबून ठेवायचं काम तुमचं नाही.

तिथे पोचल्यावर मोजायचं. प्रत्येकाला नंबर द्या, एक ते बावीस, आणि प्लॅटफॉर्मवर, बसमध्ये, म्युझियमच्या दारात मराठीत ओरडून मोजा. जर्मन लोक बघतात, बघू देत. पहिल्याच दिवशी दोन गोष्टी दाखवून द्या. फुटपाथशेजारचा पट्टा, बऱ्याच ठिकाणी लाल रंगाचा, सायकलींचा असतो, त्यावर उभं राहून सेल्फी काढायची नाही. आणि तिकिटाशिवाय सापडलं तर 60 युरो दंड, ‘इंडियातून आलोय’ सांगून तो माफ होत नाही. महिन्याचा जो सवलतीचा पास आहे तो वर्गणीचा असतो. घेतल्याच दिवशी तो बंद कधी करायचा ते डायरीत लिहा, नाहीतर गावी परत आल्यावरही पैसे कापत राहतो. त्यावर वेगवान आयसीई गाड्याही चालत नाहीत.

आता विम्याच्या आठवड्याचं. तिसऱ्या खेपेला रात्री दीड वाजता सतरा नंबरचं पोट दुखायला लागलं. रात्री डॉक्टर हवा असेल तर 116117 आणि जिवावरचं असेल तर 112, हे मी दारावर चिकटवून ठेवते. पोरगं वाकडं झालेलं पाहून मी 112 लावला. ॲम्ब्युलन्समध्ये मी बसले, सर बाकीच्यांपाशी थांबले. दोन माणसं का लागतात ते त्या रात्री ट्रस्टींना न सांगता कळलं असतं. हॉस्पिटलच्या बाकावरून विमा कंपनीला फोन करून केस नंबर घेतला. तो पुढे दर कागदावर लागला. मग वडिलांना फोन लावला. तिकडे सकाळचे सहा वाजून गेले होते, ते धारेला उठलेलेच होते. पालकांच्या ग्रुपवर मी सात तासांनी लिहिलं, त्यांच्याशी दोनदा बोलून झाल्यावर. हा क्रम उलटा होऊ देऊ नका.

अपेंडिक्स निघालं. बाकीचे ठरल्या दिवशी परतले, मी आणि सतरा नंबर मागे राहिलो. व्हिसावरच्या तारखांमध्ये सहसा पंधरा दिवसांची सवलत दिसते, पण राहायचे दिवस वेगळे मोजलेले असतात आणि आमचे संपत आले होते. ते संपायच्या आत तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात हॉस्पिटलचा कागद घेऊन जावं लागतं, आणि मुदतवाढ मिळते. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांकडे नोंद, मग आपला वाणिज्य दूतावास. श्टुटगार्टसाठी तो म्युनिचला आहे, फ्रँकफर्टला नाही. प्रत्येकाचे दोन फोटो आणि पासपोर्टची प्रत तुमच्या पिशवीत असू द्या, त्याच्या सॅकेत नको.

परतल्यावर कॉलेजच्या फाटकात मुलगा कुणाबरोबर गेला ते यादीवर लिहायचं आणि आठ दिवसांत हिशेब द्यायचा. सगळ्या पावत्या जर्मन भाषेत असतात, म्हणून रोज रात्री झोपण्याआधी पावतीमागे पेन्सिलीने मराठीत लिहा. मागच्या वर्षी ऑडिटर साहेबांनी एक पावती वर धरून विचारलं, ‘हे फांड म्हणजे काय?’ मागे लिहिलेलं होतं: पाण्याच्या बाटलीची अनामत, 25 सेंट, बाटली परत केली, पैसे जमा.