जुना टी सेट घेताय? मग या चुका टाळा

जुन्या सामानात कपबशी दिसली की सगळे पहिल्यांदा काय करतात, तर कप उलटा करून बुडाला काय लिहिलंय ते वाचतात. वाचावं की, पण घोळ तिथूनच सुरू होतो. बुडाला १७५९ दिसलं की विकणारा खूष, घेणारा पण खूष, अडीचशे वर्षं जुना माल मिळाला म्हणून. अहो ते इंग्लंडची कपबश्या बनवणारी वेजवूड कंपनी सुरू झाली ते साल आहे, कप तुमच्यापेक्षा वयाने लहान असू शकतो.

बुडाच्या शिक्क्यावरून अंदाज लागतो, पण वाचायचा कसा ते माहीत पाहिजे. अमेरिकेने १८९१ पासून बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, म्हणून नुसतं 'इंग्लंड' असेल तर माल साधारण त्यानंतरचा, आणि 'मेड इन इंग्लंड' असेल तर बहुतेक विसाव्या शतकातला. जपानी मालावर आधी 'निप्पॉन', म्हणजे जपानचंच जपानी नाव, यायचं, १९२१ नंतर 'जपान' यायला लागलं, आणि 'ऑक्युपाइड जपान' दिसलं तर तो दुसऱ्या महायुद्धानंतरचा, १९५२ च्या आतला. 'फाइन बोन चायना' असं ठसठशीत छापलेलं असेल तर तेही बहुतेक विसाव्या शतकातलंच. आणि 'डिशवॉशर सेफ' लिहिलेला कप कुणी आजोबांच्या काळातला म्हणून दाखवत असेल तर हसून पुढं चला.

अँटिक म्हणजे ढोबळमानाने शंभर वर्षांच्या वरचं, त्याच्या अलीकडचं ते व्हिंटेज. रॉयल अल्बर्ट या इंग्लिश कंपनीचं ते गुलाबांचं ओल्ड कंट्री रोझेस डिझाइन १९६२ साली आलं, म्हणजे कितीही शपथा घेतल्या तरी ते अँटिक होत नाही. सुंदर आहे, आवडलं तर घ्या, फक्त अँटिकचा भाव देऊ नका.

शिक्का बघितला, कप बघितलाच नाही

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सोलापूरच्या मंगळवार बाजारात उन्हात उभं राहून, घासाघीस करण्याच्या नादात माणूस कप नीट बघतच नाही आणि घरी आल्यावर केसासारखा तडा दिसतो. कप तळहातावर सुटा ठेवा, काठावर नखाने हलकेच टिचकी मारा. चांगला कप टण्णकन वाजतो, तडा गेलेला बद्द वाजतो. मग मोबाइलचा टॉर्च आतून लावून बाहेरून बघा, तडा रेघ होऊन दिसतो. काठावरून बोट फिरवलं की टवका हाताला आधी कळतो, डोळ्याला नंतर.

कान हा सगळ्यात लबाड भाग. तुटलेला कान चिकटवून वरून रंग मारलेला असतो, त्यामुळे जोडावर नख फिरवा, नख अडखळलं किंवा तेवढाच भाग जास्त चकचकीत दिसला तर समजून जा. आणि जुना कप कानाला धरून उचलू नका हो, बुडाला हात लावून उचला. विकणारा वैतागला तरी चालेल, कान हातात आला तर पैसे तुमचेच जाणार.

पृष्ठभागावर बारीक जाळी दिसते ती म्हणजे ग्लेझ, कपावरचा काचेसारखा चकचकीत थर, तडकलेलं. शोकेसमध्ये ठेवायला काही हरकत नाही, पण चहा त्या जाळीत शिरतो आणि तपकिरी रेघा पडतात, त्या मग सहजी जात नाहीत. अशा वेळी काही जण ब्लीचमध्ये बुडवतात, ते अजिबात करू नका, ब्लीच जाळीतून आत शिरून ग्लेझ उखडू शकतं. साध्या डागाला खायच्या सोड्याची पेस्ट मऊ कापडाने पुरते, तीही सोनेरी काठ सोडून.

जुन्या रंगीत कपांत, खासकरून आतल्या बाजूला नक्षी असेल तर, रंगात किंवा ग्लेझमध्ये शिसं असू शकतं. आंबट पदार्थात ते उतरतं. त्यामुळे त्यात लिंबू सरबत नको, लोणचं तर नकोच, आणि रोजचा चहा, लहान मुलांचं दूध यासाठी वेगळे कप ठेवा.

पांढरं दिसलं की बोन चायना

दुकानात गेलं की प्रत्येक पांढरा कप बोन चायनाच असतो! खऱ्या बोन चायनात हाडांची राख असते, चांगल्या मालात निम्म्याच्या आसपास. आपल्याकडे लिंगायत, जैन घरं भरपूर, त्यांना हे आधी कळलेलं बरं, कारण सेट घरी आल्यावर सासूबाईंना कुणीतरी सांगतं आणि मग तो माळ्यावर जातो. अशांनी साधं पोर्सेलीन घ्यावं, नाहीतर ला ओपाला कंपनीसारखी ओपल ग्लास, म्हणजे दुधी काच, त्यात हाड नसतं. टॉर्च लावला की बोन चायना आणि पोर्सेलीन दोन्हीतून उजेड दिसतो, पण बोन चायना जरा दुधाळ पांढरं आणि पोर्सेलीन थोडं निळसर-करडं वाटतं. जाड दगडी मगातून काहीच दिसत नाही.

चांदीची किटली

ई पी एन एस ही अक्षरं म्हणजे निकेल सिल्व्हरवर विजेने चढवलेला चांदीचा पातळ थर. आणि निकेल सिल्व्हर, ज्याला आपण जर्मन सिल्व्हर म्हणतो, त्यात चांदी नावालाही नसते, तांबं, निकेल आणि जस्त. म्हणून वजनावर चांदीचा भाव देणं म्हणजे शुद्ध नुकसान. आणि घरी आणून तांब्या-पितळेच्या पावडरीने घासघास घासली की थर जातो आणि खालचा पिवळट धातू डोकावतो, मग परत मुलामा देण्याशिवाय इलाज नाही. पितळी किटली घेतली तर आत कल्हई आहे का बघा, नसेल तर चहा घालण्याआधी करून घ्या.

नवीन सेटमध्ये दोनच गोष्टी बघा

सोनेरी काठ असेल तर मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडतात, हे सांगूनही लोक ठेवतातच. दुसरं, किटलीच्या तोटीच्या आत जाळी असते ती कोऱ्या चहासाठी, आपला उकळलेला दुधाचा चहा ओतला की साय अडकून तोटी तुंबते. दुकानात पाणी मागून ओतून बघा, झाकण पडतं का, तोटीतून थेंब गळतात का. सोलापूरच्या गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, ढिगातून घेताना सुद्धा हे करायला लाजू नका.

सेट पूर्ण की अपुरा

आपल्या डोक्यात पंधरा नगांचा सेट बसलेला असतो, सहा कप, सहा बशा, किटली, दुधाचं भांडं, साखरेचं भांडं. इंग्लिश सेट बऱ्याचदा एकवीस नगांचा असतो, त्यात सहा छोट्या प्लेटा, दूध-साखरेची भांडी आणि एक केकची मोठी प्लेट येते, किटली त्यात धरलेलीच नसते. त्यामुळे किटली नाही म्हणून चांगला सेट सोडू नका, आणि किटली हरवली म्हणून सूट मिळत असेल तर गपचूप घ्या. उलट, कप एका कंपनीचे आणि बशा दुसऱ्याच कंपनीच्या, असं जोडलेलं खूप विकलं जातं, म्हणून प्रत्येक बशीचा शिक्का कपाच्या शिक्क्याशी जुळवून बघा. एखादा कप कमी असेल तर बशीच्या मधल्या खळग्याचं माप कागदावर काढून पाकिटात ठेवा, पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी गेलात तर सुटे कप सापडतात, आणि तिथं माप नसलं की नुसत्या अंदाजाने घेतलेला कप घरी येऊन बशीत डुगडुगतो.